व्हर्जन सात शून्य नऊ

लातूर, २२ नोव्हेंबर १९९९

सलीम,

तू म्हणशील, कॉलेज सोडून गेला तेव्हा एका शब्दानं सांगितलं न्हाई आणि आता काम पडलं तर पत्र टाकून राहिला. म्हण. होस्टेलवरची माझी गादी तू वापरून राहिलास हे मला कळलंय, त्यामुळं आपली फिटंफाट झाली.

एचओडीच्या टेबलावर मी जर्नल आपटलं म्हणून कॉलेज सुटलं, असं सगळे सांगतात. ते अर्धं खरं. ते आपटलं नसतं तरी मी इथं आलोच असतो. मालविका इथं आहे. मुखेडच्या मास्तरांची मुलगी, आपल्या गल्लीत मावशीकडं राहून बारावी करणारी. तुला दाखवली होती, तू म्हणालास चष्मा मोठा आहे. मेडिकल थोडक्यात हुकलं, म्हणून वडिलांनी तिला वर्षभरासाठी लातूरला आणून घातली. सगळेच आणून घालून राहिलेत. ज्याच्याकडं दोन खोल्या जास्त त्यानं गच्चीवर पत्रे टाकून होस्टेल काढलंय. गंमत ऐक, पत्र्याच्या खोलीला भाडं जास्त आहे. भूकंप झाल्यापासून बाहेरगावच्या आयांना लेकरू स्लॅबखाली झोपवायला भ्या वाटतं.

ती माझ्याशी बोलत न्हाई असं न्हाई. परवा नमस्कार म्हणाली.

मी गंजगोलाईजवळ भुजंगशेटच्या दुकानात कॉम्प्युटर जोडणी-दुरुस्तीला लागलोय. शेट भूकंपाच्या वेळी पत्रे विकायचे, आता कॉम्प्युटर विकतात. माणूस कधी आवाज चढवत न्हाई. दोन महिन्यांत मी त्यांना रागावलेलं बघितलं न्हाई आणि हसताना बी न्हाई.

आता काम. मालविका ज्यांच्याकडं शिकते ते महादेवप्पा सर. त्यांच्या क्लासला तीनेकशे पोरं आहेत, पण २६ डिसेंबरला एक परीक्षा होईल आणि तीतून तीस जण स्पेशल बॅचला जातील. त्या तिसांना सर स्वतः शिकवतात. त्यांतला एकही मेडिकलला गेल्याबिगर राहत न्हाई, असं सारं लातूर मानतं.

सर किल्लारीकडचे. त्र्याण्णवला त्यांची आई आत होती आणि दाराची कडी चेमटून बसली. सर बाहेरून हाका मारत होते, आई आतून ओ देत होती. कडी निघाली न्हाई. तेव्हापासून सर जिथं असतील तिथल्या दाराला कडी नसते, कुलूप नसतं, आडणा नसतो. क्लासच्या दारांना पडदे आहेत. पेपर टाइप होतात त्या खोलीला बी पडदाच. मग पेपर राखायचे कसे, तर कॉम्प्युटरला पासवर्ड. सुरू करतानाच विचारतो; बरोबर दिला न्हाई तर पुढं सरकत न्हाई. सगळ्या क्लासला कुलूप हे एवढंच.

मागच्या आठवड्यात सरांनी तो पासवर्ड बदलला आणि विसरले. मला बोलावणं आलं. यात अवघड काही नसतं. बोर्डावरची गोल सेल काढायची, थोडं थांबायचं, परत लावायची, मशीन पासवर्ड विसरतं. मी सेल काढली, चहा पिऊन आलो, लावली. मशीन परत पासवर्ड विचारतंय. परत केलं. परत विचारतंय. 

तू सिव्हिलचा, म्हणून सांगतो. विंडोज यायच्या आधी काळ्या पडद्यावर ज्या पांढऱ्या ओळी येतात तो बायोस. बोर्डावरच्या एका चिपमध्ये कंपनीनं भरून दिलेला प्रोग्राम, मशीनला झोपेतून उठवणारा. पहिल्या ओळीत कंपनीचं नाव आणि व्हर्जन असतं. या मशीनवर कंपनीचं नावच न्हाई. नुसतं लिहिलंय, ‘व्हर्जन ७.०९’. दुकानातल्या सगळ्या पुस्तकांत बघितलं, कुठंच न्हाई.

शेटना सांगितलं. म्हणाले, राहू दे, मी बघतो. एकटेच गेले आणि चहा निवायच्या आत परत आले. मशीन उघडलेलं. कसं उघडलं ते विचारलं तर म्हणाले, नशीब, अंदाजानं दिलेला पासवर्ड लागला; सरांना बी तेच सांगितलं.

तुझ्या भाऊजींच्या, दुल्हाभाईंच्या सायबर कॅफेत इंटरनेट आहे. हे ७.०९ कुणाचं आहे तेवढं शोध.

मन्मथ


नांदेड, ३० नोव्हेंबर १९९९

मन्मथ,

गादीत ढेकूण निघाले. घेऊन जा.

तुझ्या ७.०९ पायी मी तीन दिवस दुल्हाभाईंच्या शिव्या खाल्ल्या. गिऱ्हाईक ताटकळत बसायचं आणि मी तुझी ओळ शोधत. सगळ्या बायोस कंपन्यांच्या याद्या काढल्या. सात शून्य आठ हाय एका कंपनीचं, सात एक शून्य हाय दुसरीचं. मधलं कुणाचंच न्हाई. मग एका ठिकाणी इंग्रजीत प्रश्न टाकला. कुठल्या देशातून एकानं उत्तर दिलं, अशी चिप अस्तित्वात न्हाई, तुम्ही नीट वाचलं नसंल. मी म्हटलं, माझा दोस्त कॉलेज सोडंल पण वाचायला चुकणार न्हाई.

दुल्हाभाई काय म्हणाले ते ऐक. ज्या मालावर कंपनीचं नाव नसतं, तो एक तर चोरीचा असतो न्हाई तर घरी केलेला. त्यांचा बाप अत्तर विकायचा, त्यांना कळतं.

दुसरं. एचओडी तुझं नाव विचारून राहिले होते. माफीचं चार ओळींचं पत्र दे, फॉर्म १५ तारखेपर्यंत भरता येतो. नमस्कार म्हणणारी पोरगी नमस्कार म्हणूनच थांबते यार. माझ्या चुलत बहिणी सगळ्या जगाला सलाम करतात.

सलीम


लातूर, ९ डिसेंबर १९९९

सलीम,

फॉर्मचं राहू दे. हे वाच आणि फाडून टाक.

त्या ओळीचा मी नादच घेतला होता. जिथं दुरुस्तीला जाईन तिथं आधी पहिली ओळ बघायची. अडत्याचं दुकान, नेहमीचा बायोस. पतपेढी, नेहमीचा. मग एका क्लासमध्ये ७.०९. दुसऱ्या क्लासमध्ये ७.०९. सगळी मशिनं आमच्याच दुकानातून गेलेली. आणि एका क्लासमध्ये दोन मशिनं होती, एक फीच्या पावत्यांचं, एक पेपर टाइप करायचं. पावत्यांचं साधं निघालं. पेपरांचं ७.०९.

परवा असंच एक मशीन दुकानात दुरुस्तीला आलं. शेटना वाटलं मी आत सोल्डर करतोय. त्यांनी मशीन सुरू केलं आणि पडद्यावर मेमरीचे आकडे पळत होते तोवर डाव्या हातानं दोन कळा दाबून धरल्या. पासवर्ड विचारलाच न्हाई. सरळ आत. शेट जेवायला गेले तेव्हा मी केलं. माझ्यासाठी बी उघडलं.

सल्या, लातुरातल्या कितीतरी क्लासांचे पेपर माझ्या दोन बोटांखाली आहेत. मला त्या रात्री जेवण गेलं न्हाई. भीतीनं न्हाई.

काल मालविका एसटीडी बूथबाहेर उभी होती. वडिलांशी बोलून बाहेर आलेली. चष्मा काढून पुसत होती आणि पुसून झाल्यावर बी पुसतच होती. मी विचारलं, काय झालं. म्हणाली, काही नाही. मग आपणहून म्हणाली, स्पेशल बॅच नाही मिळाली तर बाबा परत नेणार आहेत, डी.एड.ला घालणार आहेत. एवढंच. आजपर्यंत माझ्याशी बोललेली सगळ्यांत लांब गोष्ट.

तिच्यासारखी पोरगी मास्तरीण होणार आणि कुणातरी बिल्डराचं पोरगं डॉक्टर. मी काही करणार न्हाई. नुसतं सांगितलं.

मन्मथ


नांदेड, १४ डिसेंबर १९९९

मन्मथ,

तू ‘मी काही करणार न्हाई’ म्हणतोस तेव्हा काय होतं ते मला ठाऊक हाय. मेसच्या मॅनेजरला काही करणार न्हाई म्हणून गेला होतास आणि त्याच्या डोक्यावर वरणाचं पातेलं ठेवून आलास.

पत्र फाडलं. आता माझं ऐक. ते दार कुणीतरी कशासाठी तरी ठेवलंय. घरचा माणूस चोरदार ठेवतो तेव्हा त्याला ते वापरायचं असतं. तू त्यातून आत शिरशील तर तो आधीच आत असंल, आणि त्याला तुझ्या चपला दिसतील. तुझ्या शेटनं तो पासवर्ड ‘नशिबानं’ उघडला हे तुला अजून कळेना का? पोरीच्या चष्म्यापुढं तुला काही दिसतच न्हाई.

खालाच्या घरी लग्न हाय, मी हैदराबादला चाललोय. दुल्हाभाई सोबत हायेत. तिथल्या कॉम्प्युटर बाजारात त्यांच्या ओळखी हायेत, या चिपचं विचारतो. तोवर हात खिशात ठेव. एवढी एक गोष्ट ऐक, मन्मथ. ती मुलगी तुझी कुणी नसली तरी मी हाय.

सलीम


लातूर, २३ डिसेंबर १९९९

सलीम,

तुझं पत्र मिळालं तेव्हा उशीर झाला होता असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल. पत्र वाचलं, खिशात घातलं आणि गेलो.

सरांच्या क्लासचा प्रिंटर साफ करायचा होता. सर वर्गावर होते. खोलीत व्यंकटी होता, पेपर टाइप करणारा. सरांच्याच गावचा, भूकंपात त्याच्या घरचं कुणी उरलं न्हाई, तेव्हापासून सरांनी पोसला, शिकवला, टाइप शिकवलं. बोलायला लागला की थांबत न्हाई. माझं काम लांबणार बघून म्हणाला, मन्मथअण्णा, तुमच्यासाठी आल्याचा चहा सांगून येतो. गेला. मी दोन कळा दाबल्या.

पेपर आणि उत्तरं दोन्ही फ्लॉपीवर घेतली, एक दगा देईल म्हणून दोन फ्लॉप्यांवर. व्यंकटी कपबशीवर दुसरी बशी झाकून आला, वाटेत निवू नये म्हणून. मी प्रिंटर पुसत होतो.

दुकानात छापून काढलं, पाकिटात घातलं. औसा रोडच्या झेरॉक्सवाल्याकडं पोरींच्या नोट्सची पाकिटं नाव घालून ठेवलेली असतात, त्यांत तिच्या नावाचं ठेवलं. माझं नाव कुठंच न्हाई. समोर रस्त्यापलीकडं उभा राहिलो. ती आली, पाकीट घेतलं, छातीशी धरून गेली.

मला कधी काही नको होतं तिच्याकडून, तू विश्वास ठेव न ठेव. पण ती डॉक्टर झाली, की दवाखान्याच्या पाटीवर तिचं नाव असेल आणि त्यात माझा एक वाटा असेल, तो फक्त मला ठाऊक असेल. याला तू पाप म्हण.

मन्मथ


लातूर, २८ डिसेंबर १९९९

श्री. मन्मथ यांस,

पाकीट कुणी ठेवलं हे मला विचारावं लागलं नाही. तुम्ही समोरच उभे होता.

नोट्स समजून मी ते मेसच्या खोलीत उघडलं. पहिला प्रश्न वाचला, दुसरा वाचला. वर परीक्षेची तारीख होती. तिसरा वाचला नाही. काकूंच्या स्टोव्हवर सगळं जाळलं. पण दोन प्रश्न वाचले ते वाचलेच. रात्रभर ते सोडवत पडले, डोकं थांबेना. दोन्ही मला येत होते. पेपर न बघताही आले असते.

रविवारी मी परीक्षेला गेले नाही. सरांना ताप आल्याचं सांगितलं. ते म्हणाले, बाळा, परीक्षा एकदाच होते. स्पेशल बॅच मला आता नाही. मी हॉलमध्ये तीनशे मुलांच्या मागे बसते, तिथून फळा दिसत नाही.

माझी तयारी झाली होती. तुम्हाला ती दिसली नाही, मी रडताना दिसले. माझ्यासाठी काही करावं असं तुम्हाला वाटलं, तर मला विचारायचं का नाही सुचलं? मी दगड आहे का?

बाबा संक्रांतीला येतील. त्यांना काय सांगू, ते मला सुचत नाही. हे पत्र दुकानाच्या पत्त्यावर टाकते, तुमचा दुसरा पत्ता मला माहीत नाही. पुन्हा कुठलंही पाकीट नको.

मालविका


नांदेड, ३ जानेवारी २०००

मन्मथ,

काल रात्री परत आलो, तुझं पत्र दाराखाली पडलेलं. वाचून तुला मारायला यावं वाटलं. पण आधी हे.

हैदराबादच्या बाजारात एका जिन्याखाली एक माणूस चिपा भरून देतो. त्याला दुल्हाभाईंनी सात शून्य नऊ म्हटलं तर त्यानं आधी जिन्यावर कुणी हाय का बघितलं. मग चहा मागवला. म्हणाला, ही कंपनीची न्हाई. त्याच्याकडं कामाला असलेल्या एका हुशार पोरानं एका खऱ्या बायोसमध्ये फेरफार करून बनवली. पासवर्ड चिपमध्येच राहील असा, आणि दोन कळांचं चोरदार. एक गिऱ्हाईक दर उन्हाळ्यात येतं आणि ट्रे भरून घेऊन जातं. मराठवाड्याकडचा माणूस, लई हळू बोलतो, कधी भाव करत न्हाई. ज्या पोरानं ती बनवली तो मागच्या वर्षी गिऱ्हाइकाबरोबर लातूरला गेला, परत आला न्हाई. घरच्यांना सांगितलंय, दुबईला गेला.

ते व्हर्जन तुझ्या शेटचं हाय. स्पेशल बॅचचे पेपर तो पालकांना विकत असणार, दुसरं काय. आता तुला कळलं का, तुझ्या आधी आत कोण होतं?

पगार सोड, कपडे सोड. मिळंल त्या गाडीनं निघून ये.

सलीम


लातूर, १३ जानेवारी २०००

सलीम,

तुझं पत्र मिळालं. पाकिटाची कड ओली लागली हाताला, नुकतीच चिकटवल्यासारखी. तेव्हा इथं जे लिहितोय ते दुकानाच्या टपालात टाकणार न्हाई, रेल्वे स्टेशनात जाऊन टाकीन.

निकाल लागला. तिसात दहा-बारा पोरं अशी आली की त्यांच्या वर्गातल्या पोरांनी बी तोंडात बोटं घातली. सरांनी पेपर परत तपासले. एका गणिताचं उत्तर त्या सगळ्यांचं सारखंच चुकलेलं. सर हसले म्हणे. कारण ती चूक त्यांची स्वतःची होती. कॉम्प्युटरमधल्या उत्तरात त्यांनी एक आकडा चुकवला होता, छापल्यावर पेनानं दुरुस्त केला होता. चुकलेलं उत्तर जगात एकाच ठिकाणी होतं, त्या मशीनमध्ये.

सरांचा निरोप दुकानात आला, उद्या दोघंही या. त्या संध्याकाळी शेटनी मला समोर बसवलं आणि ड्रॉवरमधून एक फ्लॉपी काढून ठेवली. माझी. दोनांतली दुसरी मी सरांच्या मशीनमध्येच विसरून आलो होतो, सलीम. आल्याचा चहा पिऊन, हात पुसून, फ्लॉपी आतच. दुसऱ्या दिवशी मशीन सुरू होईना म्हणून व्यंकटीनं दुकानात कळवलं आणि शेट स्वतः जाऊन काढून घेऊन आले. माझ्या अक्षरातलं लेबल. इतके दिवस त्यांनी ती ठेवून घेतली, एक शब्द बोलले न्हाईत.

मी म्हणालो, तुमचा धंदा मला ठाऊक आहे. ते म्हणाले, “बरं झालं. मग समजवायला वेळ लागायचा न्हाई.” मग तिचं पत्र काढलं, दुकानाच्या पत्त्यावर आलेलं. त्यांनी आधीच वाचून परत चिकटवून मला दिलं होतं, आणि एक झेरॉक्स ठेवून घेतली होती. झेरॉक्सवाला त्यांचा भाचा आहे.

“तिनं लिहिलंय की पेपर वाचला,” शेट म्हणाले. “पुढं काय लिहिलंय ते कोण वाचतंय बाबा? सगळ्या लातुरात मुलीचं नाव होईल. मुखेडला बी पोचंल. तिचा बाप मास्तर आहे न्हवं?”

मी उठून त्यांची कॉलर धरली. त्यांनी माझा हात काढायचा प्रयत्नच केला न्हाई. वाट बघत बसले. मग मीच सोडली.

दुसऱ्या दिवशी सरांकडं गेलो. पडद्याआड व्यंकटी उभा होता. सरांनी शेटना काही विचारलं न्हाई. मला विचारलं. म्हणाले, “मन्मथ, तू शिकलेला आहेस, मला यातलं कळत नाही. पासवर्ड माहीत नसताना हे मशीन कुणी उघडू शकतं का?”

नोव्हेंबरात परत बदललेला पासवर्ड दोघांनाच ठाऊक होता. सरांना आणि व्यंकटीला.

मी म्हणालो, “नाही, सर.”

सर व्यंकटीकडं बघत बसले.  त्याला ओरडले न्हाईत. म्हणाले, तुझी पेटी घेऊन जा. व्यंकटी म्हणाला, सर, मी कुठं जाऊ? त्याच्या गावाच्या जागी आता बाभळी आहेत, ते सरांना माझ्यापेक्षा ठाऊक. जाताना माझ्याकडं बघून म्हणाला, अण्णा, तुम्ही नीट बघितलं ना मशीन? एकदा परत बघा.

तिचं नाव कुठंच आलं न्हाई. यासाठी केलं. तू काहीही लिहू नको.

मन्मथ


लातूर, १८ जानेवारी २०००

श्री. मन्मथ यांस,

हे पत्र आमच्या मेसच्या काकूंच्या हातून पाठवते आहे, दुसऱ्या कुणाच्या हाती पडू नये म्हणून.

व्यंकटीदादा बसस्टँडवर झोपतात. काकूंनी त्यांना काल भाकरी नेऊन दिली, तेव्हा कळलं. त्यांच्याविरुद्ध कुणी साक्ष दिली हेही कळलं.

तुम्ही माझ्यासाठी गप्प राहिलात असं तुम्हाला वाटत असेल. मी तसं सांगितलं नव्हतं. तुमच्या दोन्ही वेळच्या उपकारांत मला विचारायचं राहून गेलं.

येत्या रविवारी, २३ तारखेला सकाळी, मी महादेवप्पा सरांकडे जाणार आहे. पाकीट मला आलं होतं, ते तुम्ही ठेवलं होतं, त्या वेळी व्यंकटीदादा चहा आणायला गेले होते असं ते काकूंना म्हणाले, सगळं सांगेन. माझं नाव व्हायचं ते होईल. बाबांना मी संक्रांतीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, जा.

तुम्ही आधी गेलात तर मला जावं लागणार नाही. रविवारपर्यंत वाट बघते.

मालविका


लातूर, २१ जानेवारी २०००

सलीम,

हे दुपारच्या नांदेड गाडीच्या कंडक्टरजवळ देतोय. तुझ्या दुल्हाभाईंच्या दुकानाचा पत्ता घातलाय. कंडक्टरला चहापाणी दे.

मी परत एक गाढवपणा केला. तिचं पत्र आलं आणि मी शेटकडं गेलो. म्हणालो, आता ती स्वतःच सांगणार आहे, तुमची झेरॉक्स गेली पाण्यात, फ्लॉपी द्या. वाटलं, भितील. ते उठले. मग कपाटातून एक नवी चिप काढून माझ्यापुढं ठेवली. कंपनीची, खरी.

म्हणाले, आज सरांच्या मशीनमध्ये ही बसव, जुनी काढून आण. रविवारी मुलीला बोलू दे. सर पुण्याहून माणूस आणून मशीन तपासतील. त्यात काहीच निघणार न्हाई. मग उरतं काय? पेपर हाती आलेली एक मुलगी आणि तिच्यासाठी कॉलेज सोडलेला एक पोरगा.

सलीम, तिचा सगळा शब्द त्या एका चिपवर उभा आहे. ती मशीनमधून निघाली की ती खोटी ठरली.

मी गेलो. चिप बदलली. सर खोलीतच होते, एकटेच टाइप करून राहिले होते, एका बोटानं. माझ्याकडं बघून म्हणाले, नीट बघ रे बाबा. तिथंच सांगून टाकणार होतो. पण शेटचा भाचा सोबत होता, पडदा धरून उभा. आणि खरं सांगू, तो नसता तरी जीभ उचलली असती का, ठाऊक न्हाई.

जुनी चिप शेटना दिली न्हाई. दुकानात तसल्याच पायांची एक मेलेली चिप पडली होती, तिचं लेबल खरवडून ती दिली. खरी या पाकिटात आहे, थर्माकोलच्या तुकड्यात टोचून. पाय वाकवू नको, हाताला घाम असेल तर धरू नको. कुठल्याही तसल्या बोर्डावर बसवली की पहिली ओळ येईल. मेमरी मोजत असताना दाबायच्या कळा थर्माकोलखालच्या चिठ्ठीत लिहिल्यात.

रविवारी सकाळच्या आत सरांकडं ये. मी तिथं असेन. पण शेट मघा म्हणाले, उद्या तुला हैदराबादला जायचंय माझ्यासोबत, दोन दिवसांचे कपडे घे. मी न्हाई म्हणालो. ते म्हणाले, बरं. त्यांचं ते ‘बरं’ मला आवडलं न्हाई.

मी नसलो तरी तू ये. माझं नाव सांग, सगळ्यांत आधी माझं.

मन्मथ


नांदेड, २२ जानेवारी २०००

मालविकाताई,

तुम्ही मला ओळखत न्हाई. मी मन्मथचा कॉलेजातला दोस्त, सलीम. हे पत्र संध्याकाळच्या गाडीच्या कंडक्टरजवळ देतोय. तो माझ्या दुल्हाभाईंच्या ओळखीचा हाय. झेरॉक्सच्या दुकानात न्हाई, थेट तुमच्या मेसच्या काकूंच्या हातात देईल. पत्ता मन्मथनं कधीतरी कौतुकानं लिहिला होता.

मन्मथचं पाकीट काल रात्री मिळालं. एका कडेनं उसवून परत चिकटवलेलं. आत त्याचं पत्र हाय. थर्माकोलचा तुकडा हाय, त्यात पायांची भोकं हायेत. चिप न्हाई. खालची चिठ्ठी बी न्हाई. पत्र मात्र तसंच ठेवलंय. का ठेवलं असंल, याचा मी रात्रभर विचार केला. मला वाटतं, आम्ही ते वाचावं असं त्यांना वाटतं. चिप न्हाई म्हटल्यावर शेटविरुद्ध नुसता मन्मथचा शब्द उरतो, कबूल केलेली चोरी एकट्या मन्मथची.

आज सकाळपासून दुकानात फोन लावतोय. दोनदा कुणी उचललाच न्हाई. तिसऱ्यांदा एका नव्या पोरानं उचलला. मन्मथ हाय का म्हणून विचारलं तर म्हणाला, या नावाचं इथं कुणी काम करत न्हाई. मी म्हटलं, काल तर होता. तो म्हणाला, काल मी नव्हतो. पाठीमागून कुणीतरी हळू आवाजात काहीतरी बोललं आणि फोन ठेवला.

मी आत्ताच निघालो असतो. पण दुल्हाभाई कालच हैदराबादला गेलेत, त्या जिन्याखालच्या माणसाकडं. त्याच्याजवळ त्याच व्हर्जनची एक बिघडलेली चिप असंल असा फोन आला होता. ती चालंल का न्हाई, ठाऊक न्हाई. रात्रीच्या रेल्वेनं ते येतील, आणि उद्याच्या पहिल्या एसटीनं आम्ही दोघं लातूरला येऊ. चिप मिळाली तर चिप घेऊन, न्हाई मिळाली तर तसंच. मन्मथची सगळी पत्रं माझ्या पिशवीत हायेत. एक पत्र फाडलं म्हणून त्याला सांगितलं होतं, ते बी फाडलं न्हाई.

तुम्हाला जाऊ नका म्हणणार न्हाई. ते म्हणायचा मला हक्क न्हाई, आणि तुम्ही ऐकणार बी न्हाई. फक्त आम्ही येईपर्यंत थांबा. व्यंकटीदादांना मेसवर बोलावून घ्या, काकूंजवळ बसवा. एकटं कुणीच राहू नका.

आणि एक. सकाळी दुकानातून कुणी आलं, मन्मथनं बोलवलंय म्हणालं, त्याची चिठ्ठी दाखवली, अक्षर त्याचंच असलं, तरी दाराबाहेर पाऊल टाकू नका.

सलीम